काळ्या सोन्याचे दोन हिशेब

खसखस ही वस्तू मराठी माणसाला प्रथम भेटते ती अनारशाच्या पाठीवर. पुढे शाळेत जाऊ लागल्यावर ती भाषेत भेटते. गुरुजींच्या एखाद्या कोटीवर वर्गात खसखस पिकते. ती खसखस आणि ही खसखस एकाच कुळातली, की हा केवळ ध्वनीचा योगायोग, याचा निवाडा वैयाकरणांनी करावा. माझ्यापुरते सांगायचे तर, खसखस शेतात पिकते, तिच्या झाडाला फूल येते आणि त्या फुलामागे भारत सरकारचे एक सबंध खाते खडे पहारा करीत असते, हे मला तिशी उलटेपर्यंत केवळ ऐकून ठाऊक होते. नोकरीच्या ओघात मध्य प्रदेशात बदली झाली, एका हंगामात मदतनीस म्हणून माझी रवानगी नीमचकडे अफूच्या तौलावर झाली, आणि अनारशावरच्या त्या इवल्या दाण्यांनी मला पुष्कळच विचार करावयास लावले.

पोस्ताचे शेत फुलावर आलेले ज्याने पाहिले नाही त्याला त्याची शोभा शब्दांत सांगणे कठीण आहे. मंदसौर, नीमच, पलीकडे राजस्थानातील चितोडगड आणि झालावाड या मुलखात माघाच्या सुमारास पांढऱ्या फुलांची चादर पसरलेली असते. पाकळ्या दोन-चार दिवसांच्या सोबती. त्या गळाल्या की मागे हिरवे बोंड उरते. दुपारी उन्हाच्या वेळी शेतकरी चार-पाच बारीक पाती एकत्र बांधलेल्या एका लहानशा हत्याराने बोंडावर उभी चीर देतो. रात्रभर त्या जखमेतून पांढरा चीक पाझरतो, हवेने तपकिरी होतो, आणि उजाडताच तो खरवडून भांड्यात जमा करायचा. एकेका बोंडाला काही दिवसांच्या अंतराने असे तीन-चार वेळा चिरावे लागते. या दिवसांत घरातली सारी माणसे शेतावर वस्तीला असतात. चोराची धास्ती असते, नीलगाईची असते आणि पोपटांची तर विशेष असते. बोंडांची चटक लागलेले राघू कवायतीने येतात, बोंड तोडतात आणि उडून जातात. तेथील लोक या पिकाला ‘काला सोना’ म्हणतात. सोन्याची राखण जशी करावी तशीच ते याची करतात.

या सोन्याचा कायदा मोठा काटेकोर आहे. अफूचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते व ३० सप्टेंबरला संपते. कोणत्या गावी, कोणी, किती आरी जमिनीवर पोस्त पेरावे हे सरकारी परवान्यात लिहिलेले असते. एक आरी म्हणजे शंभर चौरस मीटर. सर्वसाधारण शेतकऱ्याला पाच-दहा आरींचा तुकडा मिळतो. प्रत्येक गावात सरकारने नेमलेला एक लंबरदार असतो आणि कोणाच्या शेतातून त्या दिवशी किती चीक निघाला हे तो रोजच्या रोज वहीत टिपतो. पीक हाती आले की सारे सरकारला विकायचे; दुसरे गिऱ्हाईक नाही. ठरावीक प्रमाणाहून कमी मॉर्फिन उतरले तर पुढच्या वर्षीचा परवाना जातो. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थांविषयीचा जो कायदा अमलात आला त्यानुसार विनापरवाना पेरणे, बाळगणे, विकणे हे सारेच गुन्हे आहेत, आणि अडीच किलोच्या पुढची अफू सापडली तर ती व्यापारी प्रमाणातली धरली जाऊन दहा वर्षांच्या सक्तमजुरीपासून शिक्षेचा आरंभ होतो. थोडक्यात, सरकार हाच एकमेव खरेदीदार आणि सरकार हाच पहारेकरी. या साऱ्या व्यवस्थेचे मुख्य ठाणे १९६० पासून ग्वाल्हेरात आहे, ही गोष्ट तेथील मराठी मंडळींनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

तौलाचे दृश्य मला अजून स्पष्ट दिसते. चैत्राची ऊन पहाट, मांडवाखाली काटा, आणि डोक्याला पागोटे बांधलेल्या माणसांची लांबच लांब रांग. प्रत्येकाच्या हाती फडक्याने झाकलेले एक भांडे. अधिकारी तो काळसर गोळा बोटांनी दाबून पाहतो, नमुना घेतो, घट्टपणाचा अंश ठरतो, सत्तर अंशांच्या हिशेबाने वजन लिहिले जाते. पैशाचा बराचसा भाग लगेच खात्यावर जातो, उरलेला कारखान्यातील परीक्षणानंतर. माझे काम फक्त आकडे उतरवून घेण्याचे. रांगेतला एक म्हातारा आपले भांडे उतरवून म्हणाला, “बाबूजी, तुमच्या काट्यावर चिकाचे वजन होते. रात्री जागून काढल्या त्यांचे होत नाही.” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, हवापाण्याविषयी बोलावे तसे तो बोलला. मला मात्र त्या वाक्याने या व्यवहारातली मुख्य गाठ दाखवून दिली. सरकार जो भाव देते त्याच्या अनेक पटींनी अधिक भाव त्याच रात्री, त्याच शेताच्या बांधावर येऊन कोणी तरी देऊ शकतो. तो भाव नाकारून हा म्हातारा भांडे घेऊन रांगेत उभा आहे. त्याला कायद्याची भीती आहे हे खरे. परंतु केवळ भीतीवर एवढी मोठी रांग उभी राहत नाही. परवाना हा त्याच्या घराण्याचा मान आहे. बापाने राखला, आपण राखला, मुलाच्या हाती द्यायचा आहे. अंमलबजावणी या शब्दाचा उच्चार होताच आपल्या डोळ्यांपुढे बंदूक आणि बेड्या येतात. पण अंमलबजावणीचा फार मोठा भार ही रांग उचलीत असते.

अफू आणि आपण मराठी माणसे यांचा संबंध दिसतो त्याहून जुना आहे. माळव्यातील अफूचा मुलूख शिंदे-होळकरांच्या अमलाखालचा. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या अफूची मक्तेदारी कंपनीकडे घेतली; पण माळव्याची अफू कंपनीच्या हाती नव्हती. ती बैलांच्या आणि उंटांच्या पाठीवर लादून दमणच्या आणि सिंधच्या वाटेने पोर्तुगीज नि इतर जहाजांवर चढे आणि चीनला जाई. कंपनीने संस्थानिकांशी करार करून ही वाट बुजविण्याचा प्रयत्न केला. शिंद्यांनी मात्र त्याला दाद दिली नाही. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि दस्तुरी घेऊन तोच माल मुंबईमार्गे जाऊ दिला. मुंबईच्या कित्येक वाड्यांचा आणि धर्मादाय संस्थांचा पाया या पैशाने भरला गेला आहे. गंमत अशी की, कंपनीच्या दप्तरात जी चोरटी निर्यात, तीच उज्जैनच्या सावकाराच्या वहीत सरळ व्यापार. आणि त्या चीनने आपल्या किनाऱ्यावर तोच माल नाकारला तेव्हा १८३९ साली कंपनी सरकारच्याच देशाने त्याच्यावर युद्ध लादले. ज्या मुंबईने या पैशावर गिरण्या उभारल्या त्याच मुंबईत पुढे गिरणीत जाणाऱ्या बाया मूल निजावे म्हणून त्याच्या तोंडात अफूची बाळागोळी घालीत. अफूचा इतिहास वाचताना मला नेहमी वाटते, की ही वनस्पती स्वतः निष्पाप आहे. तिच्या अंगावर चीर देणाऱ्याच्या हेतूप्रमाणे तिचा चीक औषध होतो किंवा विष होतो.

काळे सोने म्हणून जगात आणखी एक पदार्थ ओळखला जातो. तो जमिनीच्या वर उगवत नाही, खाली सापडतो. आपल्या कार्यालयांत या दोहोंच्या फायली निरनिराळ्या खात्यांत, निरनिराळ्या मजल्यांवर असतात. अफू महसुलाकडे, तेल पेट्रोलियमकडे, आणि शेजारच्या देशांतील लढाया परराष्ट्र खात्याकडे. एका मजल्यावरची टिपणी दुसऱ्या मजल्यावर पोचायला किती दिवस लागतात हे आपणा सर्वांस अनुभवाने ठाऊक आहे. पण नकाशावर मजले नसतात. मी एकदा सहज म्हणून भिंतीवरच्या नकाशात अफूचे मुलूख पेन्सिलीने रंगविले, मग तेला-वायूच्या वाटा काढल्या, आणि पाहतो तो काय, तिन्ही फायली एकमेकींवर येऊन पडलेल्या!

तापी या नावाची एक वायुवाहिनी आहे. आपल्या तापी नदीशी तिचा काही संबंध नाही. तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि इंडिया यांच्या आद्याक्षरांनी तिचे बारसे झाले आहे. सुमारे १,८०० किलोमीटर लांब. वर्षाला ३३ अब्ज घनमीटर वायू आणून ती पंजाबात फाजिल्क्याला पोचावी असा बेत. २०१० साली करार झाला, २०१५ च्या डिसेंबरात चार देशांच्या पुढाऱ्यांच्या उपस्थितीत कामाचा शुभारंभ झाला, २०२४ च्या सप्टेंबरात हेरातकडे जाणाऱ्या तुकड्याचे काम हाती घेतले गेले. या वाहिनीची आखलेली वाट हेरातहून हेलमंद आणि कंदाहारमधून जाते. आणि हेलमंद म्हणजे अनेक वर्षे जगातील सर्वात मोठे अफूचे कोठार. वायू फाजिल्क्याला येण्यापूर्वी त्याच मुलखातील हेरॉईन मात्र पंजाबच्या सीमेवर केव्हाच येऊन पोचले. आधी कुंपणातून, पुढे विमानासारख्या उडणाऱ्या ड्रोनमधून.

असे का व्हावे? याचे उत्तर दोन मालांच्या स्वभावात आहे. वायूच्या नळाला तीस वर्षांची शांतता लागते. ज्या देशात रस्ता सुरक्षित नाही, करार पाळला जाईल याची खात्री नाही, तेथे कोणी सावकार नळावर पैसा लावीत नाही. अफूला यातले काहीच लागत नाही. द्राक्षे आणि डाळिंबे बाजारात वेळेवर गेली नाहीत तर कुजतात. अफू वर्षानुवर्षे गाडग्यात टिकते आणि युद्धाच्या दिवसांत तिचा भाव चढतो. अफगाणिस्तानात व्यापारी पेरणीपूर्वीच शेतकऱ्याला अगाऊ रक्कम देतो. म्हणजे जेथे बँक नाही तेथे अफू हीच बँक होते. शासन कोसळले की नळ थांबतो आणि अफू वाढते. म्हणून मला असे वाटते, की अफूचे क्षेत्र हा एखाद्या मुलखातील शासनाच्या आरोग्याचा तापमापक मानावा.

आता या तापमापकातही फसगत आहे. तालिबानने २०२२ च्या एप्रिलमध्ये अफूवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे २०२२ साली २,३३,००० हेक्टरांवर असलेले पोस्त २०२३ साली १०,८०० हेक्टरांवर आले. इतकी कडक अंमलबजावणी जगात क्वचितच झाली असेल. पण त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे : शेतकऱ्यांचे अफूचे उत्पन्न एका वर्षात ९२ टक्क्यांनी घटले. ज्या गरिबाने त्या पैशावर कर्ज काढले होते त्याचे काय झाले याचा रकाना त्या कोष्टकात नाही. आणि अफूने काय केले? ती पूर्वेला सरकली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर यादवीत सापडलेला म्यानमार २०२३ साली ४७,१०० हेक्टरांसह पहिल्या क्रमांकावर आला. तेथून आपली १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. मणिपुरातल्या डोंगरांवर अवैध पोस्ताचे मळे तोडणाऱ्या तुकड्या हिंडत असतानाच २०२३ च्या मे महिन्यात तेथे दोन समाजांत जी आग भडकली तिच्या कारणांत जमीन, आरक्षण, वने यांबरोबर अफूचा उल्लेखही झाला. आणि त्या उल्लेखाने एका सबंध समाजावर शिक्का मारण्याचा धोकाही निर्माण झाला. त्याच म्यानमारच्या किनाऱ्यालगतच्या वायुक्षेत्रात आपल्या सरकारी कंपन्यांनी भांडवल घातले. बांगलादेशातून तो वायू आपल्याकडे आणण्याची बोलणी २००५ मध्ये झाली, ती फिसकटली, आणि २०१३ पासून तो वायू नळाने चीनला जाऊ लागला. येथेही तोच न्याय. वायूची वाट वाटाघाटीत अडते. अफूला वाटाघाट लागत नाही.

समुद्रावरची गोष्ट याहून निराळी नाही. २०२१ च्या सप्टेंबरात कच्छच्या मुंद्रा बंदरात सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. संगजिऱ्याच्या भुकटीच्या नावाखाली तो माल अफगाणिस्तानातून निघून इराणच्या बंदर अब्बासहून आला होता. बंदर अब्बास हे होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे. सुमारे ३३ किलोमीटर रुंदीच्या त्या चिंचोळ्या पाण्यातून आखाताचे तेल बाहेर पडते; आणि आपल्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण परदेशांतून आणतो. त्याच मुंद्र्याला उतरणारे तेल हजार किलोमीटरच्या नळाने पंजाबात भटिंड्याच्या शुद्धीकरण कारखान्याकडे जाते. म्हणजे बंदर एक, समुद्र एक, शेवटचा प्रांतही एक! २०१९ च्या जूनमध्ये ओमानच्या आखातात तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले तेव्हा आपल्या नौदलाने जहाजांच्या सोबतीला युद्धनौका पाठविल्या. आणि २०२५ च्या मार्चअखेर पश्चिम हिंदी महासागरात आपल्याच एका युद्धनौकेने एक गलबत अडवून अडीच हजार किलो अमली पदार्थ जप्त केले. तेल सुखरूप यावे म्हणून जे डोळे समुद्रावर लागतात तेच डोळे गलबतही हेरतात. नौदलाला हे कळते. कारण जहाजावर मजले असले तरी खाती नसतात.

जप्तीच्या बातम्या वाचताना आपल्याला समाधान वाटते, आणि ते वाटणे योग्यही आहे. पंजाबात किंवा मिझोराममध्ये नोकरी केलेल्या कोणाही बंधूला विचारा. ज्या घरात मुलगा सुईला लागला त्या घरातील आईचा चेहरा पाहिल्यावर कायदा सौम्य असावा असे कोणी म्हणणार नाही. तरीही आम्हां कारकुनांना आकड्यांची एक खोड ठाऊक असते. जे पकडले ते मोजता येते. जे निसटले ते मोजता येत नाही. आणि पकडला जातो तो बहुधा ट्रकचा चालक, खलाशी किंवा दोन किलो चीक दडवून ठेवणारा शेतकरी. ज्याच्या भांडवलावर हे सारे चालते तो सहसा मालाच्या जवळ उभा नसतो. मालाचा पिच्छा पुरविणे सोपे, पैशाचा पुरविणे कठीण. आणि कामाचा अहवाल मात्र किलोंमध्ये मागितला जातो.

परंतु माझ्या मनाला याहून अधिक टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. अफूचा चीक कायदेशीरपणे काढून जगाला विकणारा देश म्हणून आपली ख्याती आहे. गाझीपूरचा कारखाना १८२० पासूनचा, नीमचचा दुसरा. या चिकातून मॉर्फिन निघते आणि जगभरातील रुग्णांच्या वेदना शमवते. आपल्या देशात काय झाले? १९८५ च्या कायद्याने इतके परवाने, इतक्या वह्या, इतकी भीती निर्माण केली, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ साली देशात ५७३ किलो मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ साली ते १८ किलोंवर आले. व्यसनी लोकांपासून औषध राखता राखता आपण ते रोग्यांपासूनही राखले! केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनेक परवान्यांऐवजी एका मान्यतेवर रुग्णालयाला ही औषधे ठेवण्याची सोय झाली.

माझी आत्या २०१२ साली विदर्भातील एका तालुक्याच्या गावी कर्करोगाने गेली. शेवटचे दोन महिने तिने उशीचा अभ्रा दातांत धरून काढले. गावातल्या रुग्णालयात मॉर्फिन नव्हते. ठेवण्याची परवानगी नव्हती आणि परवानगी मागण्याची कोणाची छाती नव्हती. डॉक्टर भला माणूस होता. तो वडिलांना म्हणाला, “माझ्याकडे एक गोळी कमी भरली तर मला कोर्टात उभे राहावे लागेल.” वडील काही बोलले नाहीत. पुढे किती तरी वर्षांनी नीमचकडे त्या मांडवाखाली बसून मी आकडे लिहीत होतो, आणि समोरच्या एकाच सकाळच्या रांगेत इतका चीक जमा झाला होता, की आत्याच्या तालुक्यातील सारे रोगी त्यांचे उरलेले दिवस शांतपणे निजले असते. लेखणी थांबली नाही. पुढच्याचे नाव आले आणि मी ते लिहिले.

त्या दिवसापासून मी राखण या शब्दाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहे. माळव्यातला शेतकरी रात्रभर जागून पीक राखतो, ते सकाळी काट्यावर नेता यावे म्हणून. राखणीला पोचविण्याची जोड नसेल तर ती राखण भुजंगाची होते. धनावर वेटोळे घालून बसणाऱ्या त्या भुजंगाच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या आहेत. तेलाचेही तसेच. साठे करावेत, सामुद्रधुन्यांवर पहारे ठेवावेत, हे सारे आवश्यकच. पण ऊर्जेची सुरक्षितता अखेर मोजायची ती एखाद्या गावातील पंप, दवाखान्यातील दिवा आणि स्वयंपाकघरातील शेगडी वेळेवर पेटते की नाही यावरून. आपण घरापासून दूर, परक्या प्रांतात बसून ज्या फायली वाहतो त्यांत ‘किती अडविले’ याचा रकाना ठसठशीत असतो. ‘कोणापर्यंत पोचले’ याचा रकाना पुष्कळदा छापलेलाच नसतो. नवा नमुना छापून येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. समासात जागा असते, आणि टिपणी लिहिण्याचा अधिकार कनिष्ठातल्या कनिष्ठ कारकुनालाही आहे.